गरम झाल्यावरच येणारा पी०८६८ : गिअरबॉक्स उघडण्याआधी गेज लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गाडीचे सुमारे १,३०,००० किलोमीटर झाले आहेत. गाडी थंड असताना व्यवस्थित चालते. अर्धा-पाऊण तास चालवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०८६८ हा दोषाचा कोड दिसतो आणि रिव्हर्स टाकल्यावर गाडी मागे सरकायला दोन-तीन सेकंद घेते. कोड पुसला की दोन-चार दिवस बरे जातात आणि तो परत येतो. प्रेशर सेन्सर बदलून झाला, त्याने फरक पडला नाही, आणि आता पूर्ण व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचे प्रेशर क्लचांकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हांचा संच) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

माझे उत्तर असे की, आज तरी मानू नये. व्हॉल्व्ह बॉडी खराब नसेलच असे मी म्हणत नाही. पण आतापर्यंतच्या तपासणीत गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टला (प्रेशर मोजण्यासाठी ठेवलेल्या भोकाला) गेज लावून प्रेशर मोजल्याचा उल्लेख कुठेच नाही, आणि प्रेशरच्या कोडवर गेज न लावता दिलेला सल्ला हा अंदाजच असतो, मग देणारा कितीही अनुभवी असो.

पी०८६८ चा अर्थ ‘ट्रान्समिशन ऑइलचे प्रेशर कमी’ असा सांगितला जातो, पण तो जरा सैलपणे सांगितलेला अर्थ आहे. गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनचा टॉर्क, चालू गिअर आणि ऑइलचे तापमान पाहून किती लाइन प्रेशर (पंपाकडून येणारे मुख्य ऑइल प्रेशर) हवे ते ठरवतो, प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडला (करंटवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) त्या हिशेबाने करंट देतो आणि सेन्सरकडून आलेला आकडा मागितलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. या दोहोंतली तफावत ठरावीक मर्यादेबाहेर ठरावीक वेळ राहिली की कोड नोंदवला जातो. म्हणजे कंट्रोलरला प्रेशर कमी ‘दिसले’ एवढेच त्यातून सिद्ध होते. ते खरोखर कमी होते, की सेन्सरने, त्याच्या वायरने किंवा अर्थच्या (ग्राउंडच्या) जोडणीने तसे भासवले, हे कोडवरून कळत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे कोड पुसणे थांबवणे. कोड पुसताना त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणाची नोंद) जाते, आणि या प्रकरणात तोच सगळ्यात मोलाचा पुरावा आहे: कोड आला तेव्हा ऑइलचे तापमान किती होते, इंजिनचे आरपीएम किती होते, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, थ्रॉटल किती उघडलेला होता. प्रत्येक वेळी कोड हॉट आयडलला (इंजिन गरम, ॲक्सिलरेटर न देता) आला असेल तर शोध एका दिशेने जातो आणि चढावर दाबून चालवताना आला असेल तर दुसऱ्याच दिशेने. याच वेळी सोबतचे कोडही लिहून घ्यावेत, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) असलेलेसुद्धा. पी०८४० ते पी०८४४ हे सेन्सर किंवा स्विचच्या सर्किटविषयी बोलतात. पी०७४८ सोलेनॉइडच्या विद्युत बाजूचा दोष दाखवतो, तर पी०७४६ त्याच सोलेनॉइडच्या कामगिरीविषयी असतो. पी०७३० आणि त्यापुढचे काही कोड गिअर रेशो जुळत नसल्याचे, म्हणजे बहुधा क्लच घसरत असल्याचे सांगतात. पी०७०० ला मात्र स्वतःचा अर्थ फारसा नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी नोंद आहे एवढाच तो निरोप आहे. पी०८६८ बरोबर रेशोचा कोड असेल तर प्रेशर खरोखरच कमी असण्याची शक्यता बरीच वाढते. पी०८६८ बरोबर पी०८४१ असेल तर आधी वायरिंग पाहावे.

लक्षणांविषयी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती इथेच बरीच दिशा दाखवते. सेन्सर खोटे कमी प्रेशर दाखवत असेल तर कंट्रोलर ते भरून काढण्यासाठी खरे प्रेशर वाढवत नेतो, आणि त्यामुळे गिअर मऊ न पडता धक्क्याने पडू लागतात. प्रेशर खरोखर कमी असेल तर उलट घडते: गिअर उशिरा लागतो, आरपीएम क्षणभर उडतात, क्लच घसरतो. म्हणजे कोड ‘कमी प्रेशर’ म्हणतो आणि गाडी दणके देते अशी विसंगती दिसली, तर संशयाची सुई आधी सेन्सरच्या सर्किटकडे जायला हवी. फक्त ही लक्षणे गाडी लिंप मोडमध्ये (दोष आढळल्यावरच्या मर्यादित, बचावाच्या अवस्थेत) जाण्याआधीची पाहिजेत. लिंप मोडमध्ये बहुतेक गिअरबॉक्स क्लच वाचवण्यासाठी लाइन प्रेशर कमाल पातळीवर नेऊन ठेवतात, त्यामुळे त्यानंतर सगळेच गिअर धक्क्याने पडतात आणि त्यातून निदान होत नाही. प्रस्तुत गाडीत रिव्हर्स उशिरा लागतो, तोही गरम झाल्यावरच, आणि धक्क्यांची तक्रार नाही. सेन्सर बदलूनही फरक पडलेला नाही. यावरून माझा कल प्रेशर खरोखर कमी होत असण्याकडे आहे, पण कल म्हणजे निदान नव्हे.

आता ऑइल. ‘लेव्हल पाहिली, बरोबर आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ‘कशी पाहिली’ हा प्रश्न मी आपोआप विचारतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल गरम झाल्यावर फुगते, त्यामुळे लेव्हल ठरलेल्या तापमानालाच पाहावी लागते. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी उभी करून आणि गिअर लिव्हर सर्व स्थानांतून एकदा फिरवून ती पाहतात. काही उत्पादक मात्र इंजिन बंद करून ठरावीक वेळेत पाहायला सांगतात. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये खाली ओव्हरफ्लो प्लग असतो. स्कॅनरवर ऑइलचे तापमान पाहत, बऱ्याच गिअरबॉक्समध्ये साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा आणि ऑइल बारीक धारेने येऊन थेंबांवर आले की बंद करायचा. हेच काम इंजिन बंद ठेवून केले तर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या, ऑइलवर चालणाऱ्या जोडणीतले) आणि चॅनेलमधले ऑइल खाली उतरलेले असते, ओव्हरफ्लोमधून ते भसाभसा वाहते आणि लेव्हल जास्त झाल्याचा भास होऊन पुरेसे असलेले ऑइलच काढून टाकले जाते.

कमी ऑइलने पंप हवा ओढतो, हे सर्वांना माहीत असते. जास्त ऑइलनेही तेच होते, हे मात्र विसरले जाते: लेव्हल फिरत्या भागांपर्यंत चढली की ते ऑइल घुसळून काढतात, त्याचा फेस होतो, आणि फेस दाबला जातो, त्यामुळे प्रेशर टिकत नाही. दोन्ही दोष गाडी गरम झाल्यावर बोलू शकतात. ऑइल काळे पडले असेल आणि जळका वास येत असेल तर ते नोंदवून ठेवावे, पण निव्वळ रंगावरून निकाल देऊ नये. ऑइलचा ग्रेड मात्र कागदावर पडताळून पाहावा, ‘सगळ्यांत चालणारे’ म्हणून भरलेल्या ऑइलवर मी तरी विसंबत नाही.

विद्युत बाजूसाठी अर्धा तास पुरतो, आणि सेन्सर नवा आहे म्हणून ती वगळता येत नाही, कारण नवा सेन्सरही जुन्याच वायरवर बोलतो. तीन वायरच्या सेन्सरमध्ये एक वायर ५ व्होल्ट संदर्भाची, एक अर्थची आणि एक सिग्नलची असते. सिग्नल सामान्यतः शून्य प्रेशरला ०.५ व्होल्टच्या आसपास सुरू होऊन कमाल प्रेशरला ४.५ व्होल्टच्या आसपास जातो. सगळ्यात सोपी चाचणी फुकटची आहे. गाडी काही वेळ बंद ठेवावी, इंजिन चालू न करता फक्त इग्निशन द्यावे आणि स्कॅनरवर प्रेशर वाचावे. पंप फिरत नसताना आकडा शून्याजवळच असला पाहिजे. तो तसा नसेल, तर पुढे त्या सेन्सरने दाखवलेला प्रत्येक आकडा तेवढ्याने चुकलेला आहे. मात्र सगळ्या गिअरबॉक्समध्ये असा सेन्सर नसतो. कित्येकांत नुसते प्रेशर स्विच असतात आणि ते प्रेशर आहे की नाही एवढेच सांगतात. अशा गाडीत स्कॅनरवर प्रेशरचा आकडा दिसला तरी तो कंट्रोलरने मागितलेला असतो, मोजलेला नव्हे. हा फरक न कळल्यामुळे ‘स्कॅनरवर प्रेशर बरोबर दिसते’ अशी चुकीची ग्वाही दिली जाते.

अर्थचा व्होल्टेज ड्रॉप लोड असताना मोजावा, ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा पॉइंट घासून साफ करावा. सोलेनॉइडचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजावा. प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड सहसा कमी रोधाचे, काही ओहमचे असतात, त्यामुळे मल्टिमीटरच्या प्रोबचा स्वतःचा रोध आधी वजा करावा लागतो. आणि कनेक्टर उघडून, बोट लावून पाहावे. एका गाडीत प्रेशरचे आणि सेन्सरचे कोड आळीपाळीने येत होते. गिअरबॉक्सपासून कंट्रोलर हातभर लांब होता. त्याचा कनेक्टर काढला तर पिना लालसर आणि तेलकट होत्या. गिअरबॉक्समधले ऑइल वायरच्या तारांमधून, दिव्यातल्या वातीसारखे, वर चढले होते. बाहेरून हार्नेस कोरडा ठणठणीत होता, म्हणून तिथे कोणी पाहिलेच नव्हते.

हे सगळे झाल्यावर, आणि याआधी नाही, गेज लावावे. प्रेशर रिव्हर्समध्ये आणि लोडखाली बरेच वाढते, त्यामुळे गेज किमान ३०० पीएसआयचे, म्हणजे सुमारे २० बारचे घ्यावे आणि त्या गिअरबॉक्सची कमाल मर्यादा त्याहून जास्त असेल तर त्या मानाने मोठे. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) प्रेशर कितीतरी जास्त असते, तिथे हे गेज चालणार नाही. लांब होज बसवून ती सायलेन्सरच्या पाइपपासून आणि फिरत्या शाफ्टपासून दूर बांधावी. चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावाव्यात, हँडब्रेक ओढावा, पाय ब्रेकवर ठेवावा आणि गाडीच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये. गेज लावायचे ते गाडी थंड असताना, पण खरे वाचन घ्यायचे ते दोष येतो त्या तापमानाला. थंड गाडीवर घेतलेले वाचन या तक्रारीसाठी निरुपयोगी आहे, कारण थंड ऑइल घट्ट असते आणि आतली गळती झाकून टाकते.

वाचन घेताना आकडा तर लिहावाच, पण काटा कसा वागतो तेही पाहावे, त्यातून आकड्याइतकेच कळते. काटा थरथरत असेल आणि सोबत पंपाचा बारीक शिट्टीसारखा आवाज असेल, तर पंप हवा ओढतो आहे. काटा स्थिर आहे पण खाली आहे, तर एकतर प्रेशर मागितलेच कमी जाते आहे किंवा कुठेतरी सतत गळती आहे. न्यूट्रलमध्ये बरोबर, ड्राइव्हमध्ये बरोबर आणि रिव्हर्स टाकताच घसरून खालीच राहिला, तर पंप बहुधा निर्दोष आहे आणि रिव्हर्सला लागणाऱ्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या सर्किटमध्ये सील फाटलेले आहे. (गिअर टाकल्यावर काटा क्षणभर दचकतो, तो दोष नाही; क्लच भरताना तसे होते.) हॉट आयडलला कमी आणि आरपीएम १५०० च्या पुढे नेले की भरून निघते, तर पंपाची झीज किंवा आतली गळती, आयडलला ठीक आणि आरपीएम वाढवताच कोसळते, तर पंपाला ऑइल पुरत नाही, म्हणजे बहुधा फिल्टर तुंबला आहे. शेवटच्या दोन वागणुकींत मी पहिल्या काही वर्षांत स्वतः गोंधळ केला आहे, म्हणून थोडे स्पष्ट करतो. झिजलेल्या पंपाचा तोटा ठरावीक असतो, आणि वेग वाढला की पुरवठा त्या तोट्याच्या पुढे जातो. तुंबलेल्या फिल्टरचे तसे नाही. मागणी जितकी वाढेल तितकी त्याची अडचण वाढते.

त्याच वेळी स्कॅनरवरचा सेन्सरचा आकडा गेजशेजारी ठेवावा. पोर्ट आणि सेन्सर एकाच सर्किटवर असतील तर दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. गेज बरोबर आणि स्कॅनर कमी दाखवत असेल, तर गिअरबॉक्सला हात लावायचे कारणच उरत नाही. दोन्ही कमी दाखवत असतील, तर पुढचा प्रश्न असा की, प्रेशर मागितले जाते आहे का. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड असा रचलेला असतो की करंट शून्य असेल तेव्हा प्रेशर कमाल राहते, म्हणजे वायर तुटली तरी क्लच जळू नयेत. काहींत नेमके उलट असते. आपला प्रकार सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्यावा, नाहीतर सगळा अर्थ उलटा लागतो. मग स्कॅनरवरून सोलेनॉइडला कमाल प्रेशरची कमांड द्यावी आणि गेज पाहावे. काटा ठरलेल्या कमाल आकड्यापर्यंत चढला, तर पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर व्हॉल्व्ह यांच्यात ताकद आहे, आणि दोष कमांडच्या बाजूला किंवा सोलेनॉइडच्या मधल्या टप्प्यांवर अडकण्यात शोधावा. काटा चढलाच नाही, तर एकट्या सोलेनॉइडला दोष देऊन चालणार नाही. स्टॉल टेस्टनेही (ब्रेक दाबून, गिअर टाकून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याच्या चाचणीनेही) हे पाहता येते, पण ती ५ सेकंदांपेक्षा जास्त करू नये, दोन टेस्टमध्ये न्यूट्रलला ठेवून ऑइल थंड होऊ द्यावे, आणि क्लच आधीच घसरत असेल तर मी ती करतच नाही; उरलेला क्लच निदानापायी जाळण्यात अर्थ नाही.

प्रेशर खरोखर कमी ठरले तरी गिअरबॉक्स उतरवण्याआधी ऑइल पॅन काढावे. चुंबकावर बारीक करडा लगदा असणे १,३०,००० किलोमीटरला नेहमीचे आहे. चमकणारे कपचे, पितळी कण किंवा क्लचच्या अस्तराचा काळा भुगा भरपूर असेल, तर व्हॉल्व्ह बॉडी बदलून काही साधणार नाही. आतली झीज आधीच पुढे गेली आहे आणि तोच कचरा नवी व्हॉल्व्ह बॉडीही अडकवेल. पॅन काढले असतानाच फिल्टरच्या नळीवरचे सील पाहावे. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ऑइल आणि फिल्टर बदलल्यानंतरच प्रेशरचा कोड सुरू झाला होता आणि पंप गेल्याचे निदान झाले होते. फिल्टर ओढून काढला तेव्हा तो जरा सहजच निघाला. आरसा धरून पाहिले तर जुन्या फिल्टरचे सील पंपाच्या भोकात तसेच चिकटलेले होते आणि नवा फिल्टर सीलसकट त्याच्यावर रेटून बसवलेला होता. तो अर्धवट वर राहिला होता आणि त्या फटीतून पंप हवा ओढत होता. जुने सील बारीक हुकने, भोकाला ओरखडा न पाडता काढले आणि फिल्टर पुन्हा बसवला. काट्याची थरथर थांबली. प्रस्तुत गाडीचे ऑइल कोड सुरू होण्याच्या सुमारास बदलले असेल, तर मी सर्वांत आधी हेच पाहीन.

आता व्हॉल्व्ह बॉडीविषयी. ती बदलणे योग्य ठरते अशी परिस्थिती नक्कीच असते. प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या भोकात सतत पुढे-मागे होत असतो. लाखभर किलोमीटरनंतर त्या भोकाची एक बाजू झिजते, ऑइल व्हॉल्व्हच्या कडेने निसटते, आणि ऑइल पातळ झाल्यावर, म्हणजे गरम झाल्यावरच, ते इतके निसटते की प्रेशर धरत नाही. आपल्या गाडीच्या तक्रारीशी हे चित्र जुळते, हे मान्य केले पाहिजे. पण ते डोळ्यांनी किंवा अनुभवाने ठरवायचे नसते. व्हॉल्व्ह बॉडी टेबलावर घेऊन त्या भोकाची व्हॅक्यूम टेस्ट करता येते आणि झीज असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही. शिवाय काही गिअरबॉक्समध्ये रेग्युलेटर व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह बॉडीत नसतोच, तो पंपाच्या अंगात असतो. तिथे नवी व्हॉल्व्ह बॉडी बसवूनही कोड तसाच राहील. आपल्या गिअरबॉक्समध्ये तो कुठे आहे, हा प्रश्न सल्ला देणाऱ्याला जरूर विचारावा. ‘रिव्हर्समध्ये हॉट आयडलला प्रेशर किती होते आणि मॅन्युअलमध्ये किती दिले आहे’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर सल्ल्याचा विचार करण्यासारखा आहे.

हे होईपर्यंत गाडी अगदीच टाळता येत नसेल, तर रिव्हर्स टाकल्यावर ॲक्सिलरेटर न देता, गिअर पकडेपर्यंत ब्रेकवर थांबावे. अर्धवट प्रेशरवर रेस केल्याने क्लच प्लेटा घासतात आणि फिल्टर किंवा सीलवर भागले असते ते काम पूर्ण गिअरबॉक्स खोलण्यावर जाते. पुढे चालतानाही आरपीएम उडू लागले तर गाडी उभी करून उचलून न्यावी.

दुरुस्ती कोणतीही झाली तरी कंट्रोलरने शिकून साठवलेली जुनी ॲडॅप्टेशन मूल्ये पुसून उत्पादकाच्या पद्धतीने रीलर्न करावे, म्हणजे त्याला ती नव्याने शिकू द्यावीत, नाहीतर कमी प्रेशरच्या काळात शिकलेल्या सवयींनी कंट्रोलर गिअर टाकत राहतो आणि दुरुस्ती फसल्यासारखी वाटते. त्यानंतर फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या तापमानापर्यंत गाडी पुन्हा गरम करावी, गेज अजून जोडलेले असतानाच आयडलला रिव्हर्स टाकावा, आणि तो आकडा दुरुस्तीआधी लिहिलेल्या आकड्याच्या शेजारी लिहावा. गेज त्यानंतरच काढावे.